जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर : पुनर्जुळणी की बदल? (दोन-स्ट्रोक 'चेतक'च्या संदर्भात एक विवेचन)

गोषवारा : जुन्या वाहनाचा कार्बोरेटर बिघडला म्हणजे तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा निर्णय बहुधा किमतीवरून किंवा कारागिराच्या सोयीनुसार घेतला जातो. कार्बोरेटर हे मूलतः मोजमापाचे उपकरण आहे. म्हणून त्याची मूळ मापे पुन्हा साधता येतात की नाही, हाच या निर्णयाचा निकष असावा, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे या प्रश्नाला आलेले नवे वळणही विचारात घेतले आहे.

बीजसंज्ञा : कार्बोरेटर, दोन-स्ट्रोक इंजिन, जेट, झीज, इथेनॉल मिश्रण.

प्रस्तावना

इटलीच्या पियाजिओ कंपनीशी १९६० मध्ये झालेला करार १९७१ मध्ये संपुष्टात आल्यानंतर बजाज ऑटोने १९७२ मध्ये 'चेतक' ही स्कूटर बाजारात आणली. पुढील तीन दशके मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचे, आणि वेगळे सांगायला नको, महाविद्यालयीन प्राध्यापकांचेही हे प्रमुख वाहन होते. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरनिर्मितीतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० पासून त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या विजेवरील गाडीला अर्थातच कार्बोरेटर नाही. मात्र जुन्या दोन-स्ट्रोक चेतक अद्याप अनेक घरांच्या जिन्याखाली आहेत आणि त्यांतील काही नियमितपणे रस्त्यावरही येतात.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींवरील कार्बोरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. याचे दोन परिणाम जुन्या वाहनांच्या मालकांना आज जाणवतात. कार्बोरेटर उघडून त्याचा प्रत्येक मार्ग ओळखणारा कारागीर दुर्मिळ होत चालला आहे आणि मूळ बनावटीचे सुटे भाग मिळणेही कठीण झाले आहे. त्याच वेळी बाजारात अनुकरणाने बनविलेले नवे कार्बोरेटर सहज मिळतात. अशा परिस्थितीत "जुन्यात काही राम नाही, नवा टाकून देतो" हा सल्ला देणाऱ्याला सोयीचा असतो आणि ऐकणाऱ्याला पटणाराही. तो कधी योग्य असतो आणि कधी नसतो, हे ठरविण्याची शास्त्रीय रीत सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

कार्बोरेटर : एक मोजमापाचे उपकरण

नळीच्या अरुंद भागातून वाहताना द्रवाचा वा वायूचा वेग वाढतो व दाब घटतो, हे तत्त्व डॅनिएल बर्नुली यांच्या १७३८ मधील ग्रंथापासून आणि जी. बी. व्हेंचुरी यांच्या १७९७ मधील प्रयोगांपासून परिचित आहे. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, तसेच हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी या तत्त्वाचा उपयोग करून पेट्रोलाचा फवारा हवेत मिसळणारे साधन सिद्ध केले. तेव्हापासून कार्बोरेटरचे मूलभूत कार्य बदललेले नाही. अरुंद गळ्यातून जाणारी हवा स्वतःच्या वेगाने पेट्रोल ओढते आणि किती ओढावे हे एका बारीक छिद्राने, म्हणजे जेटने, ठरते.

मात्र एवढ्याने काम भागत नाही. हवेचा वेग वाढत गेला की साध्या जेटमधून येणारे पेट्रोल हवेच्या मानाने जास्त होऊ लागते. ते आवरण्यासाठी मुख्य जेटनंतरच्या नळीत थोडी हवा मुद्दाम सोडली जाते. इंजिन नुसते धुकधुकत असताना गळ्यातील वेग इतका कमी असतो की मुख्य जेट पेट्रोल देतच नाही. त्यासाठी वेगळा आयडल जेट असतो. थंड इंजिनासाठी तिसरा मार्ग असतो. या साऱ्यांना एकाच पातळीवरून पेट्रोल मिळावे म्हणून खालच्या कप्प्यात फ्लोट तरंगत असतो आणि त्याला टेकलेली पिन पातळी पुरेशी झाली की पेट्रोलाची वाट बंद करते.

चेतकवरील कार्बोरेटर हा इटलीतील डेलोर्टो कंपनीच्या 'एसआय' रचनेचा आहे. भारतात बनलेल्या अशा कार्बोरेटरवर स्पाको किंवा जेटेक्स ही नावे आढळतात. उजव्या बाजूच्या आवरणाखाली, एका पत्र्याच्या डब्यात, इंजिनाच्या अंगावरच तो आडवा बसविलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर हवेची जाळी असते. त्यात बुलेटच्या कार्बोरेटरसारखी निमुळती सुई नाही, मोटारीच्या कार्बोरेटरसारखे रबरी पडदे नाहीत. एक सपाट सरकती पट्टी, तीन जेट, एक फ्लोट, एक पिन आणि दोन स्क्रू, एवढाच हा संसार. माझ्या मते पुनर्जुळणीच्या दृष्टीने भारतीय रस्त्यांवरील सर्वांत उदार कार्बोरेटरांपैकी हा एक आहे. म्हणूनच तो टाकून देण्याची घाई अधिक खटकते.

दोन-स्ट्रोक इंजिनात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. या इंजिनाचे वंगण पेट्रोलातच मिसळलेले असते. चेतकसाठी हे प्रमाण सामान्यतः लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के. याचा अर्थ असा की कार्बोरेटर केवळ इंधन मोजत नाही. पिस्टनला, रिंगांना व क्रँकच्या बेअरिंगना मिळणारे तेलही तोच मोजतो. जेट अर्धवट बुजला तर मिश्रण पातळ होऊन ज्वलनाचे तापमान वाढते आणि नेमक्या त्याच वेळी तेलही कमी पडते. दोन्ही दोष एकाच दिशेने काम करतात. परिणामी पिस्टन सिलिंडरमध्ये पकडतो आणि मागचे चाक क्षणार्धात जाम होते. चालत्या स्कूटरवर ही गोष्ट केवळ खर्चाची राहत नाही. (लांब घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून, इंजिनाच्या ब्रेकवर दोन-स्ट्रोक गाडी सोडू नये, असे जुने चालक सांगत असत. त्यामागचे कारणही हेच : पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद.)

दोष खरोखर कार्बोरेटरचा आहे काय?

स्कूटर नीट चालेनाशी झाली की पहिला संशय कार्बोरेटरवर घेतला जातो. तो अनेकदा अनाठायी असतो. कार्बोरेटर सहज उघडता येतो, म्हणून तो उघडला जातो. तो मूळ आहे म्हणून नव्हे.

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग उतरत नसेल, तर कोठून तरी अनाहूत हवा आत येत आहे असे समजावे. ही हवा कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून येऊ शकते. पण मॅग्नेटोच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील कडक होऊन फाटले असेल तर तेथूनही येते. दुसऱ्या, म्हणजे क्लचच्या बाजूचे सील गेले तर हवेऐवजी गिअरचे ऑइल आत ओढले जाते, धूर दाट होतो आणि प्लग ओला राहतो. या दोन्ही दोषांत नवा कार्बोरेटर बसवून काहीही साध्य होत नाही. पहिल्या दोषात तर हानीच होते, कारण मालक "कार्बोरेटर नवा आहे" या विश्वासाने गाडी पळवीत राहतो आणि इंजिन पातळ मिश्रणावर तापत राहते.

सायलेन्सर काजळीने बुजला की गाडी वर ओढत नाही. प्लगची ठिणगी क्षीण झाली की मिसिंग होते. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बंद झाले की काही किलोमीटरनंतर पेट्रोल येणे थांबते. कॉकला जोडलेली नळी काढून पेट्रोल अखंड धारेने येते की थेंबाथेंबाने, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. हे न पाहता कार्बोरेटर खोलणे म्हणजे नाडी न पाहता शस्त्रक्रियेला हात घालणे होय.

स्कूटर डावीकडे वाकडी करून मग किक मारण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर विनोदही पुष्कळ झाले. तांत्रिक दृष्टीने पाहता गाडी कलली की फ्लोटच्या कप्प्यातील पेट्रोलाची जेटच्या संदर्भातील पातळी बदलते. जी गाडी वाकडी केल्याशिवाय कधीच सुरू होत नाही, तिच्या कप्प्यातील पातळी कमी आहे किंवा चोकचा मार्ग बुजला आहे असा तर्क करण्यास जागा आहे. हे दोन्ही दोष साध्या दुरुस्तीने जाणारे आहेत.

झिजणारे भाग आणि झिजणारे अंग

कार्बोरेटर उघडल्यावर आतील प्रत्येक दोष दोनपैकी एका वर्गात मोडतो. काही भाग झिजतात व ते बदलता येतात. काही झीज मात्र ओतीव अंगाचीच असते. किट आणावे की नवा कार्बोरेटर, हा प्रश्न सुटतो तो याच सीमारेषेवर.

पहिल्या वर्गात पिन, फ्लोट, सर्व जेट, पॅकिंग आणि पेट्रोलाची बारीक जाळी येते. पिनच्या टोकावर बोटाच्या नखाला जाणवेल असे वर्तुळाकार कोंदण पडले असेल तर ती पिन वाट पूर्ण बंद करू शकत नाही. पेट्रोल ओसंडते, पार्किंगच्या फरशीवर डाग पडतो आणि सकाळी इंजिनात पेट्रोल साचलेले असते. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटला आहे. हे भाग किटमध्ये मिळतात आणि किटची किंमत नव्या कार्बोरेटरच्या तुलनेत अल्प असते. तथापि एक सावधगिरी हवी. पिन जिच्यावर टेकते ती पितळी बैठक अनेकदा झाकणातच घट्ट बसविलेली असते. बैठकीवर ओरखडा असेल तर नवी पिनही गळतच राहील. अशा वेळी किट बदलत राहण्यापेक्षा चांगल्या स्थितीतील दुसरे झाकण शोधणे शहाणपणाचे.

दुसऱ्या वर्गातील झीज अधिक गंभीर असते आणि ती नजरेला लगेच दिसत नाही. या कार्बोरेटरचे अंग मऊ मिश्रधातूचे ओतकाम आहे. ते दोन लांब बोल्टांनी तापणाऱ्या इंजिनावर आवळलेले असते. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळायचे, ही सर्वत्र आढळणारी सवय त्याच्या मुळावर येते. वर्षानुवर्षे उष्णता आणि अतिरिक्त आवळ यांमुळे खालचा पृष्ठभाग वाकतो, मधला भाग उचलला जातो आणि फटीतून हवा शिरते. पृष्ठभाग जाड काचेवर ठेवून चारही बाजूंनी फीलर गेजचे ०.०५ मिलिमीटरचे पान सरकवून पाहावे. ते शिरत नसेल तर चिंता नाही. शिरत असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर अंग आठच्या आकारात हळूहळू घासून सपाटी परत आणता येते. फट पाचपट मोठी असेल आणि घासता घासता आतील मार्गांची तोंडे उघडी पडण्याची भीती असेल, तर थांबावे.

सरकती पट्टी ज्या खोबणीत चालते ती खोबण झिजली की पट्टी खडखडते, आयडल कधी चढते कधी उतरते, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी स्थिर राहत नाही. पट्टी बदलून पाहावी. नव्या पट्टीनेही खडखड राहिली तर खोबणीच गेली आहे आणि तिला उपाय नाही.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे मिश्रणाच्या स्क्रूचे टोक. हा स्क्रू शेवटपर्यंत दाबून आवळला गेला असेल तर त्याच्या शंक्वाकृती टोकावर पायरी उमटते. ते टोक स्क्रूबरोबर बदलून जाते. परंतु ज्या छिद्रात ते टेकते ते रुंदावले असेल किंवा टोक मोडून आतच राहिले असेल, तर कार्बोरेटरचे हे अंग संपले असे मानावे. तीच गोष्ट पाणी साचून आतील मार्ग कुरतडले गेल्याची. पांढरी पूड ब्रशने निघते, पण तिच्याखाली खड्डे असतील तर त्या मार्गाचे माप हरवले. आटे गेले असतील तर मात्र लगेच निराश होऊ नये. आट्याची स्प्रिंग बसवून ते पूर्ववत करता येतात.

एकूण विचार असा : झीज पहिल्या वर्गातील असेल तर गाडी कितीही जुनी असो, पुनर्जुळणी करावी. अंगाचे एखादे माप कायमचे हरवले असेल तर कार्बोरेटर कितीही स्वच्छ दिसो, तो बदलावा. वय आणि चकाकी या दोन्ही गोष्टी येथे दिशाभूल करणाऱ्या आहेत.

जेटचे माप आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळा

डेलोर्टो पद्धतीत जेटवर कोरलेला आकडा हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १०० क्रमांकाचा जेट म्हणजे १.०० मिलिमीटर. जेटमधून जाणारे पेट्रोल व्यासाच्या नव्हे, तर क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्यास १.०० वरून १.०५ मिलिमीटर झाला, तर क्षेत्रफळ १० टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. नुसत्या डोळ्याला हा फरक कळत नाही. पेट्रोलाच्या बिलावर आणि प्लगच्या काळेपणावर मात्र कळतो.

जेट तारेने किंवा टाचणीने टोचून साफ करण्याची प्रथा किती घातक आहे, हे या गणितावरून ध्यानात यावे. पितळ मऊ असते. दहा-पंधरा वर्षांत वीस वेळा तार फिरलेला जेट आपल्या अंगावरील आकड्याशी प्रामाणिक राहिलेला नसतो. साफ करायचे ते द्रावकाने आणि हवेच्या दाबाने.

आपल्या पदार्थविज्ञान विभागातील ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचे लघुत्तम माप ०.००१ सेंटिमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग असते. जेटच्या आकड्याचे एककही तेच. पदवीच्या प्रथम वर्षाचे विद्यार्थी केशनलिकेचा व्यास ज्या रीतीने मोजतात, त्याच रीतीने जेटचा व्यास दोन परस्परलंब दिशांनी मोजावा. दोन वाचने जुळली नाहीत तर छिद्र लंबवर्तुळाकार झाले आहे. दुसरी रीत याहूनही सोपी. उभ्या काचनळीच्या तळाशी जेट बसवून, नळीवरील ठरावीक दोन खुणांमधील पाणी किती सेकंदांत रिते होते ते पाहावे आणि त्याच क्रमांकाच्या नव्या जेटशी तुलना करावी. नव्या जेटला ४० सेकंद लागत असतील, तर पाच टक्के रुंदावलेल्या जेटला सुमारे ३६ सेकंद लागतील. हा फरक साध्या स्टॉपवॉचच्या आवाक्यातला आहे. पेट्रोल वापरण्याची गरज नाही, आणि प्रयोगशाळेत ते वापरूही नये. नवा जेटदेखील या परीक्षेतून जावा, कारण अनुकरणाने बनविलेल्या जेटवरील आकडा खरा असेलच असे नाही.

रसायनशास्त्र विभागात अल्ट्रासोनिक बाथ असेल तर कार्बोरेटरच्या अंगातील वाळलेले, लाखेसारखे कठीण झालेले पेट्रोलाचे थर काढण्यास त्याचा उत्तम उपयोग होतो. मात्र अंग मऊ धातूचे असल्याने तीव्र आम्ल किंवा अल्कली वापरण्याचा मोह टाळावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : निर्णयातील नवा घटक

भारतात ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये काही राज्यांत सुरू झाला. १० टक्क्यांचे सरासरी उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या विक्रीचा आरंभ झाला आणि २०२५ पर्यंत ते देशभर प्रचलित झाले. ऊस उत्पादक महाराष्ट्राचा या धोरणाशी असलेला संबंध सर्वज्ञात आहे. चेतकची रचना झाली तेव्हा हे मिश्रण कोणाच्या मनातही नव्हते.

पेट्रोलाच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. वीस टक्के मिश्रणासाठी हे गुणोत्तर सुमारे १३.५ येते. म्हणजे तेवढ्याच हवेत पूर्वीइतके समृद्ध मिश्रण राखायचे तर इंधन ८ ते ९ टक्के अधिक हवे. जेटचा विचार वर्गाने करायचा असल्याने व्यासात ही वाढ सुमारे ४ टक्के होते : १०० च्या जागी १०४. अंतःक्षेपण प्रणालीची अनेक वाहने ही दुरुस्ती संवेदकाच्या साह्याने स्वतः करतात. कार्बोरेटरला संवेदक नसतो. त्याच्या वतीने ती दुरुस्ती माणसाला करावी लागते.

येथे भीतीचा अतिरेकही नको. जुनी दोन-स्ट्रोक इंजिने मुळात समृद्ध मिश्रणावर चालविली जात, त्यामुळे काही अंशी हे पातळपण त्यांना सोसते. इथेनॉलच्या बाष्पीभवनाला पेट्रोलापेक्षा दुपटीहून अधिक उष्णता लागते, तिचाही थोडा थंडावा मिळतो. शिवाय जेट बुजल्यावर जसे तेल कमी होते तसे येथे होत नाही, कारण जेटमधून जाणाऱ्या मिश्रणाचे आकारमान जवळपास तेच राहते. निती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलासाठी रचलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या दुचाकींची इंधन-कार्यक्षमता ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. ही घट म्हणजे आपत्ती नव्हे. पण ज्या गाडीत आधीच खालच्या पॅकिंगमधून हवा शिरते आहे किंवा जेट अर्धवट बुजला आहे, तिची शिल्लक राहिलेली सहनशीलता हे मिश्रण संपवून टाकते. यापूर्वी खपून जाणारा दोष आता खपत नाही.

पुनर्जुळणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा परिणाम रासायनिक आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो आणि कॉकमधून प्रथम तोच कार्बोरेटरमध्ये उतरतो. कोकणातील पावसाळ्यात तीन महिने न हललेल्या स्कूटरच्या फ्लोटच्या कप्प्यात पांढरट पूड सापडते ती यामुळे. जुन्या प्रकारचे रबर या मिश्रणात फुगते किंवा चिरफळते. म्हणून किट आणताना पिनचे टोक व नळी इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची आहे का, हे विचारून घ्यावे. किटचे पाकीट कित्येक वर्षे दुकानात पडून असेल तर ते न घेणे बरे. गाडी महिनाभर उभी ठेवायची असल्यास कॉक बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. कप्पा रिकामा होतो.

बदलायचे ठरल्यास

अंगाचे माप हरवले असेल तर बदल अपरिहार्य आहे. नवा कार्बोरेटर म्हणजे पूर्वस्थिती नव्हे, हे मात्र विसरू नये. एकाच बाह्य आकाराचे कार्बोरेटर वेगवेगळ्या इंजिनांसाठी वेगवेगळे जेट घालून विकले जातात. बाहेरून हुबेहूब दिसणारा कार्बोरेटर डब्यातून काढून तसाच बसविणे ही माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत महागात पडणारी बचत आहे. जुन्या कार्बोरेटरमधील मुख्य जेट, हवेचा जेट, मधली नळी आणि आयडल जेट यांवरील आकडे आधी वहीत उतरवावेत, नव्यातील आकड्यांशी ताडून पाहावेत आणि फरक असल्यास चांगल्या स्थितीतील जुने भाग नव्या अंगात घालावेत. नव्या अंगाच्या खालच्या पृष्ठभागाचीही काचेवर परीक्षा घ्यावी. नवे आहे म्हणून ते सपाट असेलच असे गृहीत धरू नये. तिसरा मार्ग, म्हणजे भंगार बाजारातून दुसऱ्या चेतकचा मूळ कार्बोरेटर मिळवून दोहोंतून एक उभा करणे, कष्टाचा असला तरी पुष्कळदा उत्तम ठरतो.

इतर वाहनांना हाच निकष लावला तर उत्तर वेगळे येऊ शकते. बुलेटच्या मिककार्बमध्ये निमुळती सुई ज्या छिद्रात वरखाली होते ते छिद्र लंबगोल होते आणि मधल्या वेगात पेट्रोल जास्त जाऊ लागते. सुई व तो जेट दोन्ही बदलता येतात, त्यामुळे पुनर्जुळणी शक्य असते. जुन्या मारुती ८०० च्या कार्बोरेटरमध्ये रबरी पडदे, निर्वात नळ्या व अनेक उपमार्ग असल्याने अर्धवट जाणकाराने तो उघडण्यापेक्षा न उघडलेला बरा. तेथे योग्य कारागीर मिळणे हाच निर्णायक प्रश्न होतो.

जुळणी झाल्यावरची तपासणी

पुनर्जुळणी असो वा बदल, काम झाल्यावर गाडी पूर्ण तापवून मग आयडल व मिश्रण जुळवावे. थंड इंजिनावर केलेली जुळणी पाच किलोमीटरही टिकत नाही. त्यानंतर सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर स्थिर वेगाने जाऊन, क्लच दाबून इंजिन एकदम बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. चहासारखा तपकिरी रंग समाधानकारक. पांढरट, भाजलेला रंग दिसल्यास गाडी पुढे न नेता मुख्य जेट एक-दोन क्रमांकांनी वाढवावा. काळी, ओली काजळी असेल तर घाई नाही. ते सावकाश सुधारता येते. पातळ मिश्रणाची चूक इंजिन फोडते, समृद्ध मिश्रणाची चूक फक्त खिसा रिकामा करते.

यानंतर पीयूसी केंद्राचे यंत्र हा मालकाला अल्प शुल्कात उपलब्ध असलेला एकमेव वस्तुनिष्ठ साक्षीदार होय. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के व हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. त्यानंतरच्या दोन-स्ट्रोक दुचाकींसाठी त्या अनुक्रमे ३.५ टक्के व ६,००० पीपीएम आहेत. प्रमाणपत्रावर केवळ 'उत्तीर्ण' हा शिक्का न पाहता हे दोन आकडे वाचावेत. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या काठावर असेल तर मिश्रण समृद्ध आहे. तो जवळपास शून्य आणि हायड्रोकार्बन मात्र वाढलेले असतील, तर मिश्रण इतके पातळ आहे की काही चक्रांत ते पेटतच नाही. दोन-स्ट्रोक इंजिनात न जळलेले इंधन थेट निसटत असल्याने दुसरा आकडा तसाही मोठा असतो; म्हणून एका वाचनावरून अनुमान न काढता दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे प्रमाणपत्र शेजारी ठेवून पाहावे. नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यानंतर नूतनीकरणाच्या तपासणीस गाडी न्यायची असेल, तर ही दोन्ही कागदपत्रे तारखेसह जपून ठेवावीत; सोबत जेटचे आकडे लिहिलेली वहीही असावी. बदलून काढलेला जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नये, निदान त्याचे जेट तरी देऊ नयेत. त्या विशिष्ट इंजिनासाठी कारखान्यात ठरविलेली मापे कोणत्याही पुस्तिकेपेक्षा त्या पितळी तुकड्यांवर अधिक विश्वासार्हपणे लिहिलेली असतात.